घराबाहेरचा फॉल्ट

शिरवणे गाव, जुईनगर
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

भाविका,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहायचा असतो. पण तू माझा नंबर ब्लॉक केलायस, तेव्हा आशीर्वाद तरी घेशील की नाही कोण जाणे. म्हणून डायरेक्ट कामाचं लिहितो. गोजरामावशीच्या पत्त्यावर टाकतोय. उरणला पोस्टमन वेळेवर येतो ना? की तिथेही आपल्या नेटसारखंच?

तू आईला फोनवर सांगितलंस ते पोचलं. 'त्यांना सांग, नेट कंपनीकडून लेखी रिपोर्ट घ्या, फॉल्ट कुठे होता ते लिहून पाहिजे, एकतीस मार्चच्या आत पाहिजे. बाकी मला त्यांच्याकडून काही नको.' आईने शब्द न् शब्द सांगितला. 'बाकी काही नको' हे तिने दोनदा सांगितलं. तू एकदाच म्हणाली असशील.

नियम मला समजला. परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर, एकटीने द्यायची. नेट दहा मिनिटांच्या वर गेलं की पेपर बंद. पण दोष घराबाहेरचा होता असं कंपनीने लिहून दिलं, तर परत बसायला मिळतं. पुढच्या वर्षी तू त्या शिष्यवृत्तीच्या वयात बसत नाहीस. म्हणजे कागद आला तर तू परदेशातल्या त्या बंदराच्या कॉलेजात जाणार, नाही आला तर जन्मभर गोदामात कंटेनरचे नंबर टिपत बसणार. एवढं कळतं मला, अगदीच येडा नाही मी.

कनेक्शन माझ्या नावावर, म्हणून कंपनीवाले तुझ्याशी बोलत नाहीत, तेही कळलं. बोलतो मी.

पण आधी माझं ऐक. माझ्या मते नेटचा दोष नाहीच, दोष कॉम्प्युटरचा आहे. बटण दाबल्यावर तो चालू होईस्तोवर तुझ्या आईचा चहा उकळून, गाळून, पिऊनसुद्धा होतो. असल्या मशीनवर तू परीक्षा द्यायला बसलीस हेच चुकलं. मी तीस वर्षं कंपनीत फिटर होतो. बंद पडलेल्या मशीनपाशी साहेब लोक कागद घेऊन उभे राहायचे आणि वामनला बोलवायचे. फॉल्ट शोधणं मला कोणी शिकवू नये.

आणि त्या दिवसाचं तू मनात धरून बसलीस त्याबद्दल. मितेशच्या हळदीचा मांडव होता. सख्ख्या भावाचा पोरगा, भिंतीला भिंत लागून घर. मी अंगणात नसतो तर लोकांनी काय म्हटलं असतं? तू वरच्या खिडकीतून ओरडलीस, 'बाबा, नेट गेलं, बघा ना!' तेव्हा माझ्या हातात उंबराची फांदी होती. ती मांडवाच्या खांबाला, मेढीला, बांधायचा मान काकाचा, धवलारीण लग्नाची गाणी गात होती, मुहूर्त टळत होता. मी हातानेच थांब म्हटलं. संध्याकाळी हळदीत तू रडत खाली आलीस आणि मी बोललो, 'अभ्यास झाला नाय का नेट जातं.' लोक हसले. हळदीत लोक कशालाही हसतात गं. सव्वीस वर्षांची पोरगी एवढ्यावरून घर सोडून जाते?

रिपोर्टचं बघतो.

बाबा


मंगळवार, ४ मार्च

भाविका,

आईने सांगितलं की माझं पत्र तू वाचलंस आणि काही बोलली नाहीस. ठीक आहे. ओरडली असतीस तर बरं वाटलं असतं, पण ठीक आहे.

कॉम्प्युटर स्टेशनजवळच्या राजवर्धनकडे नेला होता. दुकान एवढंसं, तोंड मात्र मोठं. म्हणतो, 'काका, हा अजून जिवंत कसा?' मी म्हटलं, तू नीट कर, चेष्टा नंतर. उघडल्यावर आतून जी धूळ निघाली ती बघून मलाच लाज वाटली. पंखा जाम. तो म्हणाला, मशीन गरम झालं की आपोआप मंद चालतं, स्वतःला वाचवायला. हे मला पटलं, मोटारीचंही तेच असतं. मग त्याने विचारलं, 'काका, ह्याच्यावर काही झाकून ठेवता का?'

ठेवतो ना. तुझ्या आईने भरतकाम केलेलं ते कव्हर, मोरवालं. बंद असतानाच नाही, चालू असतानासुद्धा! घरी येऊन तिला विचारलं तर म्हणते, "धूल बसतंय त्याच्यावर, म्हनून घातला. मिक्सरला घालते, टीव्हीला घालते, त्याला नको व्हय?" मी एवढा चढलो तिच्यावर की शेजारच्या वहिनी बाहेर आल्या. 'तुझ्या मोरामुळे पोरीचा पेपर गेला' असं बोललो. ती आत गेली. दुपारी जेवली नाही.

बोलायला नको होतं. पण फॉल्ट सापडल्याचा आनंद झाला होता मला, खरंच. वाटलं, चला, घरातला दोष निघाला, पण माझा नाही.

राजवर्धनने आतली डिस्क बदलली. तुझ्या फायली सगळ्या नव्या डिस्कवर घेतल्या आहेत, मी समोर उभा होतो. नको ते प्रोग्रॅम काढले. आता बटण दाबलं की चुटकीसरशी चालू होतो. बघशील तर चकित होशील.

आता एकच अडचण आहे. कॉम्प्युटर पळतो, पण नेट अजून जातं. काल चार वेळा गेलं. म्हणजे आईचा मोर सुटला, आणि मी तिला उगाच बोललो. हे तिला अजून सांगितलेलं नाही, सांगेन.

बाबा


शनिवार, १५ मार्च

भाविका,

होळीला तू आली नाहीस. मितेशची नवी बायको अमिता सगळ्यांना विचारत होती, भाविकाताई कुठे? मी म्हटलं, ड्युटी आहे. किती वेळा ड्युटी सांगू?

आता काम. मी कंपनीतल्यासारखं करायला घेतलंय. एकेक भाग बाजूला काढायचा आणि बघायचं. एक वही केलीय. नेट कधी गेलं, किती वेळ गेलं, तेव्हा नेटच्या डब्यावर कुठला दिवा होता, सगळं लिहितो. आई म्हणते, ह्यांना नवा देव मिळाला. दिवसभर त्या डब्यासमोर बसलेला असतो मी, हे खरं आहे.

कॉम्प्युटरला फोनचं नेट जोडून बघितलं, तासभर एकदाही गेलं नाही. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष. डबा राजवर्धनचा आणून लावला, तरी नेट गेलं. म्हणजे डबाही निर्दोष. वहीत बघितलं तर सकाळी कमी जातं, दुपारनंतर खाडीवरून वारा सुटला की जास्त जातं, आणि जातं तेव्हा लाल दिवा लागतो. लाल दिवा म्हणजे बाहेरून उजेडच येत नाही. ह्या वायरीतून वीज नसते, उजेड असतो, हे मला राजवर्धनने सांगितलं. काचेचा धागा आणि त्यातून उजेड. मी अर्धा तास त्याचाच विचार करत बसलो होतो.

तर निकाल असा की फॉल्ट घराबाहेर आहे.

म्हणजे तू खोटं बोलत नव्हतीस. हे मला लिहायला तीन आठवडे लागले. अभ्यास झाला होता तुझा. तू पहाटे उठून बसायचीस, मी बघितलंय. तरी चारचौघांत मी तसं बोललो, कारण भाऊ समोर होता, पाहुणे होते, आणि पोरगी खाली येऊन रडते म्हणजे माझी शोभा जाते असं वाटलं. मी असाच आहे. तोंड आधी चालतं.

नेट कंपनीत तक्रार नोंदवलीय. पहिल्या वेळी एक जण आला, डबा बघितला, 'लाइन ठीक आहे' म्हणून निघून गेला. मी ऑफिसात जाऊन भांडलो, वही टेबलावर आपटली. गुरुवारी लाइनवरचा माणूस पाठवतो म्हणालेत. माणूस येऊ दे, कागद हातात पडू दे, त्याच दिवशी मी स्वतः पोस्टात जाईन. हा शब्द माझा.

अजून सोळा दिवस आहेत. टेन्शन घेऊ नकोस.

बाबा


शुक्रवार, २१ मार्च

भाविका,

काल लाइनवरचा माणूस आला, म्हणजे बाई आली. नंदिनी नाव. तुझ्याच वयाची असेल. शिडी स्वतः खांद्यावर घेऊन गल्लीतून आली, गावातले सगळे बघत होते. आईने तिला जेवायला बसवलं. आईला तिचं फार कौतुक वाटलं, कुठे राहतेस, घरी कोण हाय, सगळं विचारून झालं. दिघ्याला राहते म्हणाली. वडील नाहीत तिला.

तिने लाइन तपासली. बराच वेळ लागला. आता नेट बरं चालतंय.

ऊन फार वाढलंय इकडे. तुमच्याकडे खाडीचा वारा असतो, तेवढं बरं. गोजराच्या गुडघ्याचं कसं आहे? तिला म्हणावं जिने चढू नकोस. मितेश नवा फ्रीज घेतोय, जुना आपल्याला देतो म्हणाला, मी नको म्हटलं.

रिपोर्टचं म्हणशील तर, ऑफिसातून सही होऊन मिळेल असं वाटतं. बघतो.

बाबा


शनिवार, २९ मार्च

भाविका,

तुझ्या आईने तुझा निरोप दिला. 'बाबांना विचार, झालं का?' एवढाच. पण तू 'बाबांना' म्हणालीस असं आईने सांगितलं. ह्याआधी 'त्यांना' म्हणायचीस.

अजून दोन दिवस आहेत. मी ऑफिसात जातोय. साहेब जागेवर नसतात, उद्या पाडवा, परवा शेवटचा दिवस. बघू. आपण आपल्याकडून सगळं करतोय.

तू जेवतेस ना नीट? आई म्हणाली, आवाज बारीक झालाय तुझा. मावशीकडे लाजू नकोस.

ह्या पत्रात लिहिण्यासारखं काही नाही. तरी टाकतो.

बाबा


बुधवार, २ एप्रिल

भाविका,

तारीख गेली.

कंपनीने रिपोर्ट दिला नाही. मी आठ वेळा गेलो. शेवटी साहेबाची कॉलर धरायची बाकी ठेवली होती. ते म्हणाले, आम्ही असं लिहून देत नाही. ह्या लोकांना दुसऱ्याच्या पोरीचं काय पडलंय? मी काय करू सांग. मला जमलं तेवढं केलं.

आई कालपासून रडतेय. मला म्हणाली, "तुमी तरी किती धावनार? तुमचा दोष नाय." मग तुला फोन लावून तेच सांगत होती. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

बाबा


बुधवार, ९ एप्रिल

भाविका,

परवा तुझा फोन आला. स्क्रीनवर तुझं नाव दिसलं तेव्हा मी उभाच राहिलो. पन्नास दिवसांनी तू मला बाबा म्हणालीस. तू म्हणालीस, 'बाबा, जाऊ द्या. आईने सगळं सांगितलं, तुम्ही किती फेऱ्या मारल्यात ते. माझ्या नशिबात नव्हतं. मीच जास्त ताणलं. रविवारी घरी येते.' आणि शेवटी म्हणालीस, 'तुम्ही माझ्यासाठी एवढं कराल असं वाटलं नव्हतं.'

मी काय बोललो आठवतंय? 'ये. ये बाळा.' एवढंच बोललो. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. म्हणून हे लिहितोय. स्पीडपोस्टने टाकतो, म्हणजे शुक्रवारी, नाहीतर शनिवारी तुझ्या हातात पडेल. तू निघायच्या आधी वाचलं पाहिजेस.

रिपोर्ट मिळाला होता, भाविका.

वीस तारखेलाच मिळाला होता. नंदिनीने जागेवर लिहून, सही-शिक्का करून माझ्या हातात दिला. ऑफिसातल्या फेऱ्या, साहेब, कॉलर, सगळं खोटं. वही आपटली तेवढी खरी. वीस तारखेनंतर मी त्या ऑफिसची पायरी चढलेलो नाही. आईला 'ऑफिसात जातो' सांगून निघायचो आणि सेक्टरमधल्या बागेत बाकावर बसून परत यायचो.

आता सगळं नीट सांगतो.

नंदिनीकडे पेनासारखं एक यंत्र होतं. वायरीच्या एका टोकाला लावलं की आतून लाल उजेड जातो, आणि वायर जिथे मोडलेली असते तिथे तो बाहेर फुटतो. तिने ते डब्याकडच्या टोकाला लावलं आणि आम्ही वायरीच्या मागे मागे निघालो. खिडकीतून बाहेर, पन्हाळीवरून, भावाच्या भिंतीवरून. मांडव कधीच उतरला होता, पण ती मेढ उभीच होती. उंबराची फांदी आपल्या भावकीत कोणी सोडत नाही, आपोआप गळेपर्यंत ठेवतात. नंदिनी शिडीवर चढली आणि म्हणाली, "काका, हे बघा." वाळलेल्या उंबराच्या पानांत तो लाल उजेड दिसत होता.

मी बांधली होती ती. माझ्या हाताने. सुतळी अर्ध्यात संपली, धवलारीण गात थांबली होती, भटजी घड्याळ बघत होते, आणि भिंतीवरून एक काळी वायर लोंबत होती. मला वाटलं जुन्या केबल टीव्हीची असेल, आपल्या गल्लीत अशा पन्नास लोंबतात. खेचली, फांदीभोवती तीन वेढे दिले आणि फिटरची गाठ मारली. तीस वर्षांत माझी गाठ कधी सुटली नाही. त्याच मिनिटाला वरून तू ओरडलीस, 'बाबा, नेट गेलं!' आणि मी तुला हाताने गप्प केलं.

नंदिनीने विचारलं, "कोणी बांधली, काका?" मी म्हटलं, "मांडववाल्यांनी असेल." तिने तसंच लिहिलं. रिपोर्ट असा आहे: घराबाहेरील वायर मंडपाच्या फांदीस बांधल्यामुळे मोडली, ग्राहकाच्या घरातील यंत्रणेत दोष नाही, १५ फेब्रुवारीपासून सेवा खंडित होत होती. तुला जे पाहिजे होतं, अगदी तेच. हा कागद पाठवला असता तर तुला परत परीक्षा मिळाली असती. शंकाच नाही.

मी पाठवला नाही.

माझं नाव त्यात नव्हतं, हेही खरं. पण फांदी काका बांधतो हे तुला माहीत आहे. मितेशच्या अल्बममध्ये तिसऱ्या पानावर मीच आहे, फेटा बांधून, वायर दातात धरून. तू एकदा तो कागद वाचला असतास तर तुला कळलं असतं. सगळ्या भावकीला कळलं असतं. ज्या पोरीला मी हळदीत सगळ्यांसमोर खोटं पाडलं, तिचा पेपर मीच घालवला, हे. मला लाज वाटली, भाविका. तुझ्या परीक्षेहून माझी लाज मला मोठी वाटली.

चोवीस तारखेला पाकीट करून, पत्ता घालून पोस्टात गेलो होतो. रांगेत माझ्या पुढे दोनच माणसं होती. खिडकीपाशी पोचलो, बाईंनी हात पुढे केला. मी म्हटलं, पत्ता चुकलाय. परत आलो. एकतीस तारखेलाही वेळ होता, कागद उरणला आणून देता आला असता. त्या दिवशी मी घरातूनच निघालो नाही. दुपारचे बारा वाजले, एक वाजला, आणि कागद जुन्या कंपनीच्या फाइलीत होता. मी घड्याळ बघत बसलो होतो. पाच वाजले, मुदत संपली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे वाचून तुला काय वाटेल ते वाटू दे. मला सुटल्यासारखं वाटलं हे खरं आहे.

आणि लाज म्हणजे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं मी स्वतःशीही बोललो नव्हतो. तू गेली असतीस. दोन वर्षं म्हणाली होतीस, पण दोन वर्षांसाठी गेलेलं कोणी परत येत नाही, मला माहीत आहे. उरणला आहेस तर गोजराकडून तरी कळतं, जेवली, झोपली, ड्युटीला गेली. त्या दिवशी पेपर बंद पडला हे ऐकल्यावर मी वरून टोमणा मारला, आणि आतून कुठेतरी बरं वाटलं. पोर घरात राहिली. बापाने हे लिहू नये, पण लिहितो. मी तुझं चांगलं चिंतत होतो, असं तू समजू नकोस. मी माझं चिंतत होतो.

तू फोनवर म्हणालीस ना, नशिबात नव्हतं. नशिबाला बोल लावू नकोस. नशिबाने काही केलेलं नाही.

तुझी माफी मागायची हिंमत नाही. परीक्षावाल्यांना मी स्वतः पत्र लिहिलंय, की चूक माझी, कागद मी लपवला, पोरीला काही माहीत नव्हतं, तिला एकदा बसू द्या. राजवर्धनने इंग्रजीत करून दिलं. काल त्यांचं उत्तर आलं, तीन ओळींचं. मुदतीनंतर अर्ज घेतला जात नाही. राजवर्धन वाचत असताना माझ्याकडे बघत नव्हता. त्याला आता सगळं माहीत आहे. तो पहिला. दुसरी तू.

रिपोर्ट ह्या पाकिटातच ठेवलाय. आता त्याचा उपयोग नाही. तरी तुझा आहे, तुझ्याकडे असू दे.

मला वाईट एकाच गोष्टीचं वाटतं असं नाही, सगळ्याचंच वाटतं. पण तू ज्या बापाला माफ केलंस तो बाप मी नाही. त्याने फेऱ्या मारल्या, भांडला, पोरीसाठी जीव टाकला. तो मी पत्रांतून तयार केला. त्याच्यासाठी तू रविवारी यायला निघालीस. मी गप्प बसलो असतो तर तू आली असतीस, जेवली असतीस, माझ्या शेजारी बसली असतीस, आणि मरेपर्यंत कोणाला कळलं नसतं. दोन दिवस मी तोच विचार केला. मग लिहायला बसलो.

आता तू ठरव. येऊ नकोस असं मी म्हणत नाही, ये असंही म्हणायचा मला हक्क नाही. नंबर परत ब्लॉक केलास तरी मी समजेन. पत्रं आता पाठवणार नाही, त्यांचं तुला काय खरं वाटणार?

आईचा दोष नाही. ती जे बोलली ते मनापासून, तिला माझंच सगळं खरं वाटलं. तिच्याशी बोलणं तोडू नकोस, काही मागता येत असेल तर एवढंच मागतो.

ती सकाळपासून खुशीत आहे. तुझी गादी उन्हात टाकलीय, वरची खोली झाडून घेतली. मघाशी करावे गावातल्या कोळणीला फोन करून म्हणाली, "रविवारी निवट्या आन, चांगल्या जित्या आन. माझं पोर येतंय." तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. रविवारी दुपारपर्यंत तू आली नाहीस की सांगेन.

वामन